श्रद्धेची राजकीय कसोटी

एखादी व्यक्ती ख्रिस्ती आहे एवढे समजले की गर्भपात, बंदुका, कर, स्थलांतरित आणि हवामानबदल या सगळ्यांविषयी तिची मते काय असणार हे न विचारताच ठाऊक झाले, असे मानणारे दोन प्रकारचे लोक मला नेहमी भेटतात. पहिले लोक श्रद्धेच्या बाहेरचे असतात. त्यांनी अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्या पाहिलेल्या असतात, एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात पक्षाचा फलक घेतलेली माणसे त्यांच्या मनात ठसलेली असतात, आणि त्यांचा समज चुकीचा असला तरी तो कुठून आला हे कळते. दुसरे लोक मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आतले असतात. "खरा ख्रिस्ती माणूस त्या पक्षाला मत देऊच कसा शकतो?" हा प्रश्न ते विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असते, समोरच्याच्या तारणाविषयी, म्हणजे मोक्षाविषयी, त्यांचा निकाल झालेला असतो. मी स्वतः श्रद्धावान असल्यामुळे मला या दुसऱ्या प्रकाराची अधिक काळजी वाटते.

श्रद्धेने राजकारणापासून दूर राहावे असे मला म्हणायचे नाही. ज्या धर्मग्रंथात संदेष्टे राजवाड्यांच्या दारात उभे राहून खोटी मापे, लाचखाऊ न्यायाधीश आणि विधवांच्या बळकावलेल्या जमिनी यांविषयी बोलतात, तो ग्रंथ वाचणाऱ्याला सार्वजनिक जीवनाशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही. मात्र श्रद्धेतून मूल्य येते, मूल्यातून धोरणाविषयीचा अंदाज येतो आणि त्या अंदाजातून पक्षाची निवड होते, आणि या प्रत्येक पायरीवर खात्री कमी कमी होत जाते. गरिबांची काळजी घ्यावी ही आज्ञा आहे. किमान वेतन वाढवल्याने गरिबांचे भले होते की त्यांतल्या काहींच्या नोकऱ्या जातात, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्यावर एकाच बाकावर बसून प्रार्थना करणारी दोन प्रामाणिक माणसे परस्परविरुद्ध मते धरू शकतात. परक्याला आसरा द्यावा ही आज्ञा आहे; दर वर्षी किती लोकांना आणि कोणत्या क्रमाने प्रवेश द्यावा याचा आकडा शास्त्रात नाही. पहिल्या पायरीवरची खात्री जशीच्या तशी उचलून शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवली की गडबड सुरू होते.

प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची थोडक्यात दिलेली कबुली, जगभरच्या असंख्य मंडळ्यांत उपासनेच्या वेळी म्हटला जातो. त्यात देवपिता, येशू ख्रिस्त, पवित्र आत्मा, पापांची क्षमा आणि देहाचे पुनरुत्थान हे सगळे आहे. राज्यकर्ता मात्र एकच आहे, येशूला क्रूसावर देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात, आणि त्याचे नाव ज्या संदर्भात येते तो कोणत्याही राज्यकर्त्याला हेवा वाटावा असा नाही. शतकानुशतके ख्रिस्ती कोण हे ठरवण्यासाठी जी वाक्ये पुरेशी मानली गेली, त्यांत शासनपद्धती, कररचना किंवा पक्ष यांविषयी एक अक्षरही नाही. त्या वाक्यांच्या खाली आणखी एक कलम जोडण्याचा अधिकार कोणाला कुठून मिळाला, हा माझा साधा प्रश्न आहे.

जोडलेले कलम किती अलीकडचे असू शकते हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. गर्भपाताला बिनशर्त विरोध ही तिथल्या पुराणमतवादी प्रॉटेस्टंट लोकांची सनातन भूमिका आहे असे आज सर्वत्र मानले जाते. प्रत्यक्षात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या देशातल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघाने 1971 साली सेंट लुई येथे जो ठराव केला, त्यात बलात्कार, निकटच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक, मानसिक किंवा भावनिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्यासाठी सभासदांनी प्रयत्न करावेत, असे आवाहन होते. याच संघाने 1980 च्या ठरावात कडक विरोधाची भूमिका घेतली. मत बदलणे हा गुन्हा नव्हे. अधिक विचार केल्यावर माणसे मत बदलतात आणि बदललेले मत बरोबरही असू शकते. पण 1980 च्या नऊच वर्षे आधी आपल्याच संघाची जी अधिकृत भूमिका होती ती धरणारा माणूस ख्रिस्तीच नाही, असे म्हणायला जे धारिष्ट्य लागते ते विचाराने येत नाही, विस्मरणाने येते.

व्हर्जिनियातील लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मार्च 1965 मध्ये अलाबामा राज्यात सेल्माहून माँटगोमेरीकडे कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी मोर्चा निघाला, त्याच सुमारास त्यांनी आपल्या मंडळीसमोर उपदेश केला आणि पाळकांचे पाचारण राजकारणासाठी नसून आत्मे जिंकण्यासाठी आहे असे सांगितले. याच फॉलवेल यांनी 1979 साली मॉरल मेजॉरिटी ही संघटना स्थापन केली, मतदारनोंदणीच्या मोहिमा चालवल्या, आणि पुढे आपला तो जुना उपदेश स्वतःच मागे घेतला. 1980 च्या निवडणुकीत या संघटनेने राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या विरोधात रोनाल्ड रीगन यांच्यामागे बळ उभे केले. कार्टर रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, नव्या आध्यात्मिक जन्माचा अनुभव उघडपणे सांगणारे बॅप्टिस्ट होते. रीगन घटस्फोटित होते आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1967 साली त्यांनी गर्भपाताचे नियम शिथिल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. महागाई, इराणमधील ओलीस आणि सोव्हिएत संघाविषयीचे धोरण या कारणांसाठी कोणी रीगन यांना मत दिले असेल तर त्यात गैर काहीच नाही. ते मत ख्रिस्तनिष्ठेचे माप म्हणून सांगितले गेले, यात गैर होते.

फॉलवेल यांचा 1965 चा उपदेशही राजकीयच होता, हे सहसा सुटते. ज्या दिवसांत दक्षिणेतल्याच दुसऱ्या राज्यात लोकांना मतदानासाठी मार खावा लागत होता, त्या दिवसांत "आपण राजकारणात पडू नये" असे म्हणणे म्हणजे चालू व्यवस्थेच्या पारड्यात वजन टाकणेच होते. या युक्तिवादाला तिथे जुनी परंपरा आहे. साउथ कॅरोलिनाचे प्रेस्बिटेरियन धर्मपंडित जेम्स हेन्ली थॉर्नवेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे मांडले होते की चर्च ही निव्वळ आध्यात्मिक संस्था आहे आणि गुलामगिरी ही नागरी बाब असल्यामुळे तिच्याविरुद्ध बोलण्याचा चर्चला अधिकार नाही. थॉर्नवेल स्वतः गुलामांचे मालक होते. म्हणून श्रद्धा आणि राजकारण यांची गल्लत टाळण्याचा उपाय म्हणून कोणी मौन सुचवू लागले की मी सावध होतो. मौनातही पक्ष घेता येतो, आणि तो बहुधा ज्याच्या हाती काठी आहे त्याचाच असतो.

त्याच देशात कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत. बायबलचा अधिकार, येशूचे देवत्व, क्रूस, पुनरुत्थान, व्यक्तिगत पश्चात्तापाची गरज या सगळ्या बाबतींत त्यांची शिकवण गोऱ्या इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या शिकवणीशी बव्हंशी जुळते. 2020 च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहात आठांहून अधिक लोकांनी एका उमेदवाराला मत दिले आणि कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट मतदारांपैकी दहात सुमारे नऊ जणांनी दुसऱ्याला. ग्रंथ तोच, गाणीही पुष्कळशी तीच, आणि मते जवळजवळ उलटी. श्रद्धेतून पक्ष आपोआप निघत असता तर हे झाले नसते. घर, शाळा, पगार, पोलिसांशी आलेला संबंध, आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, यांतून पुष्कळसे राजकारण घडते आणि श्रद्धा त्याला भाषा पुरवते. हे दोन्ही गटांना लागू आहे, माझ्या मतांनाही लागू आहे.

श्रद्धा पक्षात विरघळू लागली आहे हे ओळखण्याची माझी खूण एकच आहे: तिला आपल्याच बाजूला "नाही" म्हणता येते का? विरोधकांच्या पापांवर उपदेश करायला कोणतेही धैर्य लागत नाही. दुसऱ्याची पत्नी बळकावून तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दावीद राजासमोर नाथान संदेष्टा गेला तो राजाचा शत्रू म्हणून नव्हे; तो दरबारात ये-जा असलेला, राजाचे भले चिंतणारा माणूस होता, आणि "तो मनुष्य तूच आहेस" हे त्याने तोंडावर सांगितले. याच्या अगदी उलट प्रसंग आमोसाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. आमोस दक्षिणेतल्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा, गुरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. तो उत्तरेतल्या बेथेल येथे जाऊन यराबाम राजाच्या राज्याविषयी कठोर शब्द बोलतो, तेव्हा तिथला याजक अमस्या त्याला गप्प करू पाहतो. आमोस खोटे बोलतो आहे असा अमस्याचा आरोप नाही, संदेश देवाचा आहे की नाही याची तो चौकशीही करत नाही. तो म्हणतो, आपल्या यहूदात चालता हो, तिथे पोट भर, पण बेथेलात पुन्हा संदेश सांगू नकोस, कारण हे राजाचे पवित्रस्थान आहे. मंदिर राजाचे झाले म्हणजे काय होते ते अमस्याने एका वाक्यात सांगून टाकले, आणि गंमत म्हणजे त्याला ते कबुलीसारखे वाटलेच नाही.

अशी मंदिरे आजही उभी राहतात. सदर्न बॅप्टिस्ट संघाच्या नीतिविषयक विभागाचे प्रमुख राहिलेले रसेल मूर यांनी 2023 मध्ये एका मुलाखतीत सांगितले की, डोंगरावरील प्रवचनातले दुसरा गाल पुढे करण्याचे वचन उपदेशात उद्धृत केल्यावर "हे डाव्यांचे मुद्दे तुम्ही कुठून आणलेत?" अशी विचारणा झाल्याचे अनेक पाळकांनी त्यांना कळवले होते. ही येशूची वाक्ये आहेत असे सांगितल्यावरही विचारणारा ओशाळत नसे. आता त्याने काम होत नाही, असे त्याचे म्हणणे असे. हा किस्सा मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा अस्वस्थ करतो. पक्षाच्या भूमिकेवरून शुभवर्तमान तपासले जाते आहे आणि ते त्या तपासणीत नापास होते आहे.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरील यांनी सप्टेंबर 2022 मध्ये युक्रेन युद्धात कर्तव्य बजावताना मरण आलेल्या सैनिकाची सर्व पापे धुतली जातात असे उपदेशात सांगितले. त्यावर अधिक काही लिहावे असे मला वाटत नाही.

ही चूक फक्त उजवीकडची आहे असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. जिथे पापाचा अर्थ केवळ अन्यायकारक रचना एवढाच उरतो, जिथे पश्चात्ताप नेहमी दुसऱ्याने करायचा असतो आणि उपदेश त्या आठवड्यातल्या संपादकीयाहून वेगळा ओळखता येत नाही, तिथेही हेच घडलेले असते. फक्त रंग दुसरा असतो. स्विस धर्मपंडित कार्ल बार्ट मला या बाबतीत आदर्श वाटतात, कारण ते राजकारणाला घाबरणारे नव्हते. साफेनविल या गावात पाळक असताना त्यांनी गिरणी कामगारांची बाजू घेतली आणि 1915 साली ते समाजवादी लोकशाही पक्षाचे सभासद झाले. त्याआधी 1914 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या 93 नामवंतांनी युद्धाच्या समर्थनार्थ काढलेल्या जाहीरनाम्यावर आपल्याच गुरूंच्या, हार्नाक आणि हेरमान यांच्या, सह्या पाहून ते हादरले होते. असा हा माणूस 1919 मध्ये टाम्बाख येथे धार्मिक समाजवाद्यांच्या परिषदेत बोलायला उभा राहिला आणि ख्रिस्ती-सामाजिक, धार्मिक-समाजवादी अशा जोडनावांपासून सावध राहा, असे त्याच श्रोत्यांना सांगून गेला. कामगारांची बाजू त्यांनी सोडली नाही. त्या बाजूवर देवाचा शिक्का मारायला मात्र ते तयार नव्हते. आपल्याच माणसांना "नाही" म्हणणे ते हेच.

म्हणूनच 1933 मध्ये काय होऊ घातले आहे हे बार्ट यांना इतरांच्या आधी दिसले. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये 'जर्मन ख्रिस्ती' नावाची चळवळ राष्ट्र, वंश आणि श्रद्धा एकच आहेत असे सांगत होती आणि त्या वर्षी जुलैमध्ये चर्चच्या निवडणुका तिने मोठ्या बहुमताने जिंकल्या. 13 नोव्हेंबर 1933 रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात तिचे पुढारी राइनहोल्ड क्राउझे यांनी जुना करार टाकून द्यावा आणि पौलाची 'रब्बी'छाप, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या वळणाची, शिकवण काढून टाकावी अशी मागणी केली. राजकीय निष्ठा एकदा कसोटी बनली की शेवटी धर्मग्रंथच तिला अडचणीचा वाटू लागतो, याचे इतके उघड प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल. मे 1934 मध्ये बार्मेन येथे जमलेल्या, या चळवळीला विरोध करणाऱ्या चर्चप्रतिनिधींनी जो जाहीरनामा काढला, त्याचा मसुदा प्रामुख्याने बार्ट यांचा होता. येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असून त्याच्या शेजारी दुसरी कोणतीही सत्ता, घटना किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मानता येणार नाही, हे त्याचे पहिले कलम.

बार्मेनचा गौरव बराच होतो आणि तो योग्यही आहे, पण त्या जाहीरनाम्यात यहुदी लोकांविषयी एक शब्दही नाही. 1967 मध्ये बार्ट यांनी जर्मन धर्मपंडित एबरहार्ड बेटगे यांना लिहिलेल्या पत्रात ही आपली चूक असल्याचे मान्य केले, आणि 1934 मध्ये तसे कलम घातले असते तर आपल्याच सहकाऱ्यांना ते चालले नसते हेही नोंदवले. राज्याने चर्चमध्ये घुसू नये इतके म्हणायला ते एकत्र येऊ शकत होते; राज्य शेजाऱ्याच्या घरात घुसते आहे हे म्हणायला नाही.

या गल्लतीची किंमत श्रद्धेलाच मोजावी लागते. मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवले की 1990 च्या दशकात अमेरिकेत "माझा कोणताही धर्म नाही" असे सांगणाऱ्यांचे प्रमाण 7 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेले, आणि ही वाढ पुराणमतवादी लोकांत नव्हे तर मध्यममार्गी आणि उदारमतवादी लोकांत झाली. यांपैकी पुष्कळांचा देवावरचा विश्वास उडालेला नव्हता. धर्म म्हणजे अमुक एक राजकारण असे त्यांना सांगण्यात आले, आणि ते राजकारण नको म्हणून त्यांनी धर्माचे नावच सोडले. प्रसिद्ध अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याशी असलेल्या जवळिकीचे चटके सोसले होते. पुन्हा संधी मिळाली असती तर आपण राजकारणापासून दूर राहिलो असतो, असे त्यांनी 2011 मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर सांगितले.

मंडळीच्या रोजच्या जीवनात ही गल्लत उपदेशापेक्षा मध्यस्थीच्या प्रार्थनेत आधी दिसते, असे माझे निरीक्षण आहे. राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे, आणि ते राजे मंडळीचे मित्र नव्हते. त्यांना सुबुद्धी मिळो, त्यांच्या हातून न्याय घडो, लोकांना शांततेने जगता येवो, अशी ती प्रार्थना. ती आवडत्या आणि नावडत्या दोन्ही राज्यकर्त्यांसाठी जशीच्या तशी करता येते. निवडणूक जवळ आली की शब्द हळूच बदलतात. 'सुबुद्धी'च्या जागी 'विजय' येतो, 'आमचे अधिकारी' यांच्या जागी 'तुझा सेवक' येतो, आणि दुसऱ्या पक्षाचे सरकार आले की त्या प्रार्थनेत अचानक 'आम्हांला सोडव' ऐकू येते. हा बदल करणाऱ्याला आपण प्रचार करतो आहोत असे वाटतही नाही. त्याच वेळी, दोन बाक मागे, दुसऱ्या मताचा एखादा सभासद डोळे मिटून बसलेला असतो, आणि 'आमेन' म्हणावे की नाही याचा विचार करत असतो.

मग कोणताही राजकीय प्रश्न श्रद्धेचा प्रश्न कधीच होत नाही का? होतो, पण फार क्वचित, आणि तो कसा होतो हे दक्षिण आफ्रिकेत दिसले. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने 1857 साली असे ठरवले की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून असले तरी काहींच्या दुर्बलतेमुळे गोऱ्येतर विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी सोय करायला हरकत नाही. ही सवलत म्हणजे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या अखेरच्या जेवणाची आठवण करणाऱ्या विधीच्या, मेजापाशीच घातलेली फूट होती. तिच्यातून पुढे वेगळी चर्चे झाली, आणि विसाव्या शतकात वंशभेदाच्या (अपार्थाइडच्या) राजवटीला याच चर्चच्या पंडितांनी शास्त्राधार पुरवला. 1982 मध्ये ऑटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड संघाची सभा भरली तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील काही कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी गोऱ्या चर्चच्या प्रतिनिधींबरोबर प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. मायदेशी तुम्ही आम्हांला या मेजावर बसू देत नाही, तर इथे एकत्र बसण्याला अर्थ काय, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या सभेने वंशभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड असल्याचे जाहीर केले आणि दोन गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. हा निर्णय राजकीय होता यात शंका नाही, पण त्याचा आधार ख्रिस्ताच्या मेजावर कोण बसू शकतो हा होता, आणि त्या प्रश्नावर दोन प्रामाणिक उत्तरे संभवत नव्हती. करांच्या दराविषयी असे म्हणता येत नाही, व्यापारकराराविषयी येत नाही, आणि ज्यांविषयी येते असे आपल्याला वाटते त्यांतल्या बहुतेक प्रश्नांविषयीही येत नाही.

मिश्रवर्णीयांच्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने बेल्हार येथे त्याच वर्षी वंशभेद नाकारणाऱ्या विश्वासांगीकाराचा मसुदा तयार केला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. नोव्हेंबर 1990 मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत गोऱ्या चर्चचे प्राध्यापक विली योंकर यांनी वंशभेदाच्या पापातला आपला आणि आपल्या चर्चचा वाटा सर्वांसमोर कबूल केला. अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी उठून ती कबुली स्वीकारली. ज्या चर्चांना वेगळे काढले गेले होते त्यांच्या काही प्रतिनिधींना ही घाई वाटली. एकत्र यायचे तर बेल्हारवर सही करून या, असा त्यांचा आग्रह होता, आणि एकीकरणाची बोलणी त्यानंतर कित्येक वर्षे त्याच कागदापाशी अडखळत राहिली.